कलकलाटाच्या बाजूने

मार्च 2013 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने एक कार्यक्रम ऐन वेळी रद्द केला. कीथ हॅरिसन या सिरॅमिक कलावंताने स्पीकर आणि फरशा यांची एक मोठी मांडणी केली होती. बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथ या बँडने त्या स्पीकरांतून वाजवायचे आणि आवाजाच्या माऱ्याने भाजक्या मातीच्या फरशांचे काय होते ते लोकांनी पाहायचे, असा बेत होता. आवाजाच्या कंपनांनी जुन्या इमारतीलाच इजा होईल अशी भीती म्युझियमला वाटली. अखेर नोव्हेंबरमध्ये तो प्रयोग बेक्सहिल गावच्या डे ला वॉर पॅव्हिलियनमध्ये झाला.

इमारतीची काळजी वाहणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण हार्डकोअर पंक आणि मेटल यांच्या संकरातून 1980 नंतर जे अतिवेगवान संगीत निघाले, त्याच्या वाट्याला सतत हेच आले आहे. ज्यांना ते नको असते त्यांनी ते कधी नीट ऐकलेले नसते आणि ज्यांना आता ते वारसा म्हणून जपायचे आहे त्यांनाही ते आवाज बारीक करूनच हवे असते. मला या दोघांशीही भांडायचे आहे. आणि तिसरा एक पक्ष आहे, घरातलाच. त्याचे म्हणणे सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून त्याच्याकडे शेवटी येतो.

पहिला पूर्वपक्ष सर्वांच्या ओळखीचा: हे संगीतच नाही, हा नुसता गोंगाट आहे. क्षणभर ड्रमवाल्याकडे पाहा. नेपाम डेथच्या मिक हॅरिसने रूढ केलेल्या 'ब्लास्ट बीट' या ठेक्यात उजवा हात झांजेवर असतो, डावा स्नेअरवर आणि पाय बेस ड्रमच्या पेडलवर. झांज आणि बेस एकदम पडतात, त्यांच्या मधल्या जागेत स्नेअर पडतो, की पुन्हा झांज आणि बेस. मंद लयीत हे शाळकरी पोरालाही जमेल. लय चढवत नेली की मात्र एका टप्प्यावर ऐकणाऱ्याचा कान ठोके मोजायचे सोडून देतो. सुटे ठोके विरून जातात आणि एक सलग, खरखरीत पट्टा ऐकू येऊ लागतो. मग त्या पट्ट्यावरून सरकणारी गिटार, जी खरे तर घाईतच असते, एकाएकी संथ आणि जड वाटायला लागते. अतिवेगातून संथपणाचा भास, ही या संगीताची मुख्य किमया आहे. सतारीचा झाला ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला हे समजावून सांगायची खरे तर गरज पडू नये. तिथेही चिकारीच्या तारांचा अखंड मारा चाललेला असतो आणि त्याच्यावरून रागाचे स्वर आपल्या सवडीने चालत असतात. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही. कानाचा धर्म मात्र एकच आहे.

शिवाय हे सगळे हाडामांसाने करायचे असते. त्या सुरुवातीच्या रेकॉर्डांवर मोजून दुरुस्त करणारे यंत्र नव्हते. मनगट आखडते, पाय भरून येतो, लय जराशी पुढे पळते, मग तिला ओढून आणावे लागते, आणि हे सगळे ऐकू येते. अलीकडची कित्येक मेटल रेकॉर्डिंग संगणकावर ठोका न ठोका सरळ रेषेत बसवून बाहेर पडतात. ती अधिक वेगवान असतील, पण त्यांच्यात माणसाची दमछाक ऐकू येत नाही आणि मला ती ऐकायची असते.

याच आक्षेपाचा धाकटा भाऊ म्हणजे 'ही गाणी आहेत की विनोद?' त्यासाठी हमखास 'यू सफर'चा दाखला दिला जातो. 'स्कम' हा नेपाम डेथचा पहिला अल्बम नॉटिंगहॅमच्या इअरेक कंपनीने 1987 मध्ये काढला. त्यात 28 गाणी आहेत आणि 'यू सफर' त्यातले 1.316 सेकंदांचे, सर्वांत छोटे गाणे म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात विचारायला छान माहिती. पण ते कुठे ठेवले आहे, इकडे कोणी पाहत नाही. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूचे ते शेवटचे गाणे. माणसाच्या दुःखाबद्दल चार शब्दांचा एक प्रश्न, त्यावर वाद्यांचा एक आघात, आणि बाजू संपली. आता ऐकणाऱ्याने उठायचे, सुई उचलायची, तबकडी उलटायची. तेवढा वेळ तो प्रश्न त्याच्या डोक्यात राहतो. बँडमधल्या पोरांना स्वतःलाही या गाण्याचे हसू येत असे, हे खरे आहे. गमतीतून निघालेली गोष्ट गमतीपुरतीच राहते, असा मात्र नियम नाही.

दुसरा पूर्वपक्ष: हे संगीत पोरांना बिघडवते, हिंसक करते. याच्यावर फार शाई खर्च करू नये. 1986 मध्ये कॅलिफोर्नियात डेड केनेडीज या पंक बँडच्या जेलो बियाफ्रावर, अल्बमसोबत दिलेल्या एका पोस्टरमुळे, अल्पवयीनांना अपायकारक साहित्य वाटल्याचा खटला भरला गेला. पुढल्या वर्षी ज्यूरीचे एकमत होऊ शकले नाही आणि तो बारगळला. इकडे बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिल भागातल्या 'द मर्मेड' नावाच्या पबमध्ये जमणारी पोरे कशाबद्दल ओरडत होती? बहुराष्ट्रीय कंपन्या, अण्वस्त्रे, वंशद्वेष, प्राण्यांवरची क्रूरता, ठरावीक पगाराच्या घाण्याला जुंपलेले आयुष्य. कारखाने बंद पडत चाललेल्या शहरात थॅचरबाईंच्या राज्यात वाढलेली ही पोरे होती. त्यांचा राग कुठून आला हे विचारण्याऐवजी त्यांच्या आवाजाची पट्टी मोजत बसणे हा मूळ प्रश्न टाळण्याचा प्रकार आहे.

मला जास्त चीड येते ती या संगीताच्या दुबळ्या वकिलांची. एक वकील म्हणतो, 'असू द्या हो, तरुण रक्त आहे, वाफ निघून जाते.' म्हणजे आशयाला काहीच किंमत नाही, उद्या सकाळी पोरगा मुकाट्याने कामावर गेला की झाले. ज्या गाण्यांनी त्या मुकाट्याने कामावर जाण्यालाच हरकत घेतली, त्यांचा याहून मोठा अपमान मला सुचत नाही. दुसरा वकील उलट्या टोकाचा. तो म्हणतो, हे संगीत ऐकणारा माणूस आपोआप न्यायी आणि दयाळू होतो. त्याला इंडोनेशियाची गोष्ट सांगायला हवी. 2014 मध्ये तिथे जोको विडोडो राष्ट्राध्यक्ष झाले. ते मेटलचे शौकीन, नेपाम डेथचे जाहीर चाहते. जगभरच्या मेटलवाल्यांना केवढा आनंद झाला होता! 2015 च्या सुरुवातीला नेपाम डेथचा गायक बार्नी ग्रीनवे याने या आपल्या चाहत्याला पत्र लिहिले आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात मृत्युदंड झालेल्या अँड्र्यू चॅन आणि मयूरन सुकुमारन या ऑस्ट्रेलियन कैद्यांना जीवदान देण्याची विनंती केली. 29 एप्रिल 2015 रोजी त्या दोघांना गोळ्या घालण्यात आल्या.

या घटनेपुढे 'संगीताने मन बदलते' हा दावा टिकत नाही आणि मी तो करणारही नाही. पण तेवढ्यावरून संगीत पोकळ ठरत नाही. ग्रीनवेने पत्र लिहिलेच. ज्या हिंमतीने तो स्टेजवर बोलत आला, त्याच हिंमतीने तो एका देशाच्या सत्ताधीशाशी बोलला. आपला चाहता दुखावेल म्हणून गप्प राहिला नाही. कलावंताकडून मी एवढीच अपेक्षा धरतो. श्रोत्याच्या पापपुण्याचा हिशेब श्रोत्याने द्यावा.

आता घरातला पक्ष. जुने पंकवाले म्हणतात, मेटलशी सोयरीक केली आणि पंक नासले. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्याच्याकडे पुरावे आहेत. टेक्सासच्या डी.आर.आय. या बँडने 1983 च्या पहिल्या छोट्या तबकडीवर 22 गाणी कोंबली होती. 1987 मध्ये त्यांनी 'क्रॉसओव्हर' नावाचा अल्बम काढला आणि प्रकाराचेच बारसे झाले. गाणी लांबली, गिटारीची कारागिरी वाढली, विषय सैल झाले. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्जचे तर वाईट वाटते. 1982 मध्ये 'हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग' या अल्बममधून त्यांनी युद्धाची दहशत असा ठेका धरून मांडली, की तो पुढे 'डी-बीट' या नावाने स्वीडनपासून जपानपर्यंत पोहोचला. आणि त्याच बँडने 1986 मध्ये 'ग्रेव्ह न्यू वर्ल्ड' काढून गुळगुळीत मेटलची वाट धरली. त्यांचे स्वतःचेच श्रोते त्यांच्यावर उलटले.

याहून गंभीर गोष्ट न्यूयॉर्कची. 1985 मध्ये तीन दिवसांत रेकॉर्ड झालेला एस.ओ.डी.चा 'स्पीक इंग्लिश ऑर डाय' हा अल्बम क्रॉसओव्हरचा मैलाचा दगड मानला जातो. त्याचे वादन जबर आहे. पण त्याचे नाव आणि त्यातली काही गाणी परदेशातून आलेल्या गरीब माणसाच्या तोंडावर थुंकतात. 'ती थट्टा होती' हे समर्थन मला मान्य नाही. भाषेवरून माणसाला दमदाटी करण्याचा प्रकार आपल्याकडेही अनोळखी नाही आणि दमदाटी करणाराही पुष्कळदा हसतच असतो. या संगीताच्या इतिहासात हा काळा डाग आहे आणि तो वादनाच्या गुणांनी पुसला जात नाही. तसेच गर्दीचे. स्टेजसमोरचे धक्काबुक्कीचे रिंगण, म्हणजे मॉश पिट, जसजसे दांडगाईचे झाले, तसतशा बायका भिंतीकडे सरकल्या. अशा काळात बर्मिंगहॅमच्या सॅक्रिलेजमध्ये टॅम सिम्पसन गात होती, कॉव्हेंट्रीच्या बोल्ट थ्रोअरमध्ये जो बेंच बेस वाजवत होती. दोन्ही बँड पंक आणि मेटल यांच्या नेमक्या सीमेवरचे. त्यांची नावे इतिहासात तळटीप म्हणून का येतात, याचे उत्तर माझ्याच पक्षाने द्यायचे आहे.

एवढे सगळे मान्य करूनही सांगतो: संकर झाला नसता तर यातले सर्वोत्तम काहीच झाले नसते. मॅसॅच्युसेट्सच्या सीज या हार्डकोअर बँडने 1984 मध्ये एक डेमो केला. मिशिगनच्या फ्लिंट शहरातल्या रिपल्शनने 1986 मध्ये केलेल्या रेकॉर्डिंगची तबकडी 1989 पर्यंत निघाली नाही. ही दोन्ही रेकॉर्डिंग पोस्टाने फिरली. एकाने दुसऱ्याला कॅसेट उतरवून द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, असा तो व्यवहार होता. पैसे वाचवायला पोस्टाच्या तिकिटावर साबण किंवा गोंद चोळत, म्हणजे शिक्का धुऊन तेच तिकीट परत वापरता येई. त्या कॅसेटी बर्मिंगहॅमला पोहोचल्या. अमेरिकी पंकचा वेग, इंग्लिश पंकचा राजकीय संताप आणि मेटलच्या गिटारीचे वजन असे तिन्ही जिथे एकत्र आले, ती जागा म्हणजे 'स्कम'. तिकडे मेटलनेही ऋण घेतले. स्लेअरचा 'रेन इन ब्लड' 1986 मध्ये जेमतेम अर्ध्या तासात आटोपतो. दीर्घ गाण्यांच्या मेटलमध्ये हा काटेकोरपणा पंककडूनच आला आणि 1996 मध्ये स्लेअरने जवळजवळ अख्खा अल्बम हार्डकोअरच्या जुन्या गाण्यांचा करून ते ऋण उघडपणे मानले.

'स्कम'च्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या संचांनी वाजवल्या आहेत. एक ऑगस्ट 1986 मध्ये, दुसरी मे 1987 मध्ये. दोन्हीकडे समान माणूस एकच, हॅरिस. बाकीचे कुठे गेले ते पाहिले की वारसा म्हणजे काय ते कळते. जस्टिन ब्रॉडरिकने गॉडफ्लेशमध्ये यंत्राच्या ठेक्यावर विलक्षण संथ, चिरडणारे संगीत केले. ली डोरियनने कथीड्रल काढून वेग पूर्णपणे सोडला. बिल स्टीअर कार्कसमध्ये रमला. हॅरिस स्वतः ड्रम सोडून स्कॉर्नच्या गडद इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळला. वेगाचा कळस गाठलेल्या या पोरांनी पुन्हा तोच वेग विकत बसण्याचे नाकारले. शुद्धतेच्या राखणदारांनी यांना पंक म्हणायचे की नाही ते ठरवावे. घाण्याला जुंपून घ्यायचे नाही, हा मर्मेडमध्ये घेतलेला धडा त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

आणि हे संगीत गोऱ्या पोरांचे खासगी दुःख आहे, असे म्हणणाऱ्यांनी नकाशा पाहावा. हार्डकोअरला वेग शिकवणारे बॅड ब्रेन्स वॉशिंग्टनचे कृष्णवर्णीय तरुण होते, आधी जॅझ-फ्यूजन वाजवणारे. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट अजून गेलेली नसताना 1984 मध्ये साओ पाउलोच्या रातोस दे पोराओने पहिला अल्बम पोर्तुगीजमध्ये गायला. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या शहरातून वर्मरॉट निघाला आणि 2017 मध्ये ग्लास्टनबरीला वाजवून आला. डॅलसच्या पॉवर ट्रिपचा गायक रायली गेल 2020 मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याच्या नावाचे वाचनालय तिथल्या बेघर समलिंगी आणि ट्रान्स तरुणांच्या निवाऱ्यात उभे राहिले. चाहत्यांनी पुतळा मागितला नाही, पुस्तके दिली.

मुंबईतही डेथ बाय फंगाय हार्डकोअर वाजवते, गटस्लिट अतिवेगवान डेथ मेटल घेऊन युरोपात दौरे करते. यांच्याबद्दल मराठीत कोणी लिहीत नाही. लिहिलेच तर 'आपलीही पोरे परदेशात' एवढ्या कौतुकापुरते. त्या ड्रमवाल्याने काय वाजवले, एका वाक्यानेही नाही. धोबी तलावच्या रंगभवनात 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरत असे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी ते उघडे प्रेक्षागृह रॉकसाठी बंद झाले. रुग्णालयाशेजारी आवाज नको, हे कोणालाही पटेल. पण त्या बदल्यात शहराने दुसरी जागा दिली नाही, आणि चाळीसपन्नास माणसे मावतील, भाडे परवडेल आणि दारूच्या विक्रीवर कार्यक्रमाचे भवितव्य ठरणार नाही अशी खोली आज मुंबईत आणि पुण्यात या पोरांना शोधत फिरावी लागते. सिंगापूरला, बर्मिंगहॅमला, साओ पाउलोला हे संगीत अशाच खोल्यांतून निघाले. महापालिकांकडे बंद पडलेली समाजमंदिरे आहेत, शाळांची संध्याकाळी रिकामी राहणारी सभागृहे आहेत. त्यांतले एखादे रात्री नऊपर्यंत या बँडना द्यावे, अशी मागणी मी करतो, आणि ती करताना मला 'युवाशक्तीला विधायक वळण' वगैरे कारण पुढे करायचे नाही. गाणे चांगले आहे, एवढे कारण पुरे.