शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी

१५ ऑक्टोबर ही डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती. २०१५पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. शाळाशाळांत त्या दिवशी टेबलावर चादर अंथरून पुस्तके मांडली जातात. ‘अग्निपंख’ असते, ‘श्यामची आई’ असते, शिवचरित्रे असतात. प्रेमाची कादंबरी नसते. शाळेत ती नसणे समजू शकते; पण मोठ्यांच्या ग्रंथप्रदर्शनांत आणि वाचनावरच्या भाषणांतही तिचे नाव निघत नाही. वाचनाने ज्ञान वाढते, माणूस घडतो, हे सारे आवर्जून सांगितले जाते. वाचताना सुख वाटते, जेवायला हाका आल्या तरी पुस्तक खाली ठेववत नाही, हे सांगायला मात्र आपण संकोचतो. आणि हे सुख ज्या पुस्तकांत सर्वांत उघडपणे मिळते, त्यांना चारचौघांत ओळखही देत नाही.

हा संकोच जुना आहे. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्या घरोघरी वाचल्या गेल्या आणि त्याच घरांत त्यांना नाकेही मुरडली गेली. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, तर थेट अश्लीलतेचा खटला उभा राहिला. काकोडकर दोषी ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली त्या न्यायालयाने कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा देऊन त्यांना मुक्त केले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांनी भरभरून लिहिले आणि ते वाचनालयांतून हातोहात फिरले. वाङ्मयेतिहासात त्या वाचकांची, विशेषतः वाचणाऱ्या बायकांची, दखल कितीशी घेतली गेली?

या कादंबऱ्यांवरचा नेहमीचा आक्षेप असा, की शेवट आधीच ठाऊक असतो. दोघे भेटणार, बिनसणार, पुन्हा एकत्र येणार. मग वाचायचे काय? पण कीर्तनाला बसलेल्या कोणाला आख्यानाचा शेवट ठाऊक नसतो? बुवा तिथवर कसे नेतात, यासाठीच माणसे तास-दीड तास मांडी मोडत नाहीत. प्रेमकादंबरीत लेखिकेने वाचकाला एक शब्द दिलेला असतो: शेवटी या दोघांचे भले होईल. तो शब्द मिळाल्यामुळेच मधल्या दोनशे पानांत वाचक दुःखाकडे डोळे उघडे ठेवून पाहू शकतो. आजार, फसवणूक, बापाचा मृत्यू, मोडलेला साखरपुडा, काहीही समोर आले तरी तो पळून जात नाही.

जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेने ‘रीडिंग द रोमान्स’ या १९८४च्या ग्रंथात एका गावातल्या अशा वाचक स्त्रियांशी बोलून त्यांचे वाचन समजून घेतले. शेवट चांगला आहे ना, हे आधी पाहून मग पुस्तक घेणाऱ्या स्त्रिया त्यांत होत्या. पुस्तक उघडले की तेवढा वेळ आपला, तेव्हा नवऱ्याचे आणि मुलांचे काही करायचे नाही, असेही त्यांनी सांगितले. दिवसभर सगळ्यांची काळजी वाहणारी बाई, जिथे कोणीतरी नायिकेची मनापासून काळजी घेते, अशी गोष्ट मागते. यात हसण्यासारखे काय आहे?

आज लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्या पाहिल्या, की ही काळजी किती बारकाईने लिहिली जाते ते कळते. टालिया हिबर्ट या ब्रिटिश लेखिकेच्या २०१९च्या ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’ची नायिका क्लोई ही वेबसाइट बनवणारी कृष्णवर्णीय तरुणी आहे. तिला फायब्रोमायल्जिया आहे. वरून काही दिसत नाही, पण अंग सतत दुखते, थकवा पाठ सोडत नाही. या दुखण्यापायी मैत्रिणी दुरावल्या, लग्न ठरलेला मुलगाही सोडून गेला. एकदा मोटारीखाली येता येता वाचल्यावर ती जगण्यासाठी एक यादी करते: घरच्यांपासून वेगळे राहायचे, मोटारसायकलवर बसायचे, तंबूत राहायचे. झाडावर अडकलेल्या मांजराला उतरवायला ती चढते आणि स्वतःच अडकते; तिथे इमारतीची देखभाल करणारा रेड मदतीला येतो. रेड चित्रकार आहे, आधीच्या प्रेमात पार खचलेला. पुढे तो तिचे दुखणे ओळखायला शिकतो. तिला दया नको असते आणि दुर्लक्षही नको असते. या दोहोंच्या मधली वाट तो चुकतमाकत, विचारत विचारत शोधतो. क्लोई शेवटी बरी होत नाही, कारण हा आजार तसा बरा होणारा नाही. दुखणे राहते आणि प्रेमही राहते. दीर्घ आजाराबद्दल इतक्या प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या कादंबरीला हलके म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

एमिली हेन्रीच्या ‘बीच रीड’मध्ये (२०२०) तर हा वादच कथेचा विषय आहे. प्रेमकथा लिहिणारी जॅन्युअरी आणि गंभीर कादंबऱ्या लिहिणारा गस पैज लावतात: तिने त्याच्यासारखे लिहायचे, त्याने तिच्यासारखे. गोड शेवट लिहिणे किती अवघड असते, हे त्याला कळते.

आपल्याकडची माणसेही या कादंबऱ्यांत आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या सोनाली देव यांची ‘अ बॉलिवूड अफेअर’ (२०१४) चौथ्या वर्षी राजस्थानात बालविवाह झालेल्या मुलीची गोष्ट सांगते. त्यांच्याच २०१९च्या कादंबरीत जेन ऑस्टिनचे कथानक कॅलिफोर्नियातल्या राजे नावाच्या कुटुंबात येते आणि तिथली मानी व्यक्ती म्हणजे न्यूरोसर्जन तृषा. मराठी आडनाव असलेल्या या मुलीला मराठी पुस्तकांच्या दुकानात मात्र बहीण सापडत नाही. मोबाइलवर ‘प्रतिलिपी’सारख्या ॲपवर मराठी प्रेमकथा भागाभागाने वाचल्या जातात, वाचक पुढच्या भागासाठी लेखिकांच्या मागे लागतात. लिहिणारे आहेत, वाचणारे आहेत. कसून संपादन करणारा, चांगल्या कागदावर छापून अभिमानाने मांडणारा प्रकाशक पुढे यायचा आहे. दरवर्षी दिवाळी अंकांचे गठ्ठे येतात. त्यांच्या संपादकांनाही हे सांगणे आहे.

आम्हाला काय वाचायचे आहे, तेही सांगून ठेवतो. सातबाऱ्याच्या फेरफारांत बुडालेल्या, घटस्फोट होऊन गेलेल्या तलाठीबाई आणि त्यांच्या सज्जातला डाळिंबवाला. हिंजवडीच्या कंपनीत रात्रपाळी करणारी, आईच्या डायलिसिसच्या वारांवर सुट्ट्या बेतणारी मुलगी. मडगावहून सावंतवाडीला रोज एसटी नेणारा चालक आणि त्याच गाडीने येणारी नर्स. साठी ओलांडलेले दोघे, ज्यांची मुले ‘आता या वयात?’ म्हणतात. यांना भेटवा, भांडवा, चांगले तीनशे पाने ताटकळत ठेवा. पण त्यांचे भले करा, आणि पुस्तक दर्शनी भागात मांडा.