स्टेटस ठेवलं, ग्रामसभेचं काय?

पोशीरहून नेरळपर्यंत रिक्षा, तिथून लोकल आणि मग दादर. आपल्यातले कितीतरी जण कॉलेजसाठी रोज हा प्रवास करतात. दादरला प्लाझाजवळच्या कोतवाल गार्डनपाशी मित्रांची वाटही बघतात. पण ते कोतवाल म्हणजे आपल्या माथेरानचे भाई कोतवाल, हे तिथे उभं असताना किती जणांना आठवतं?

तशी आठवण आपण ठेवतो म्हणा. २ जानेवारी आला की सगळ्यांच्या स्टेटसला सिद्धगड असतो. १९४३ सालची ती पहाट, पोलिसांच्या गोळ्या, भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील यांचं हौतात्म्य. हे आपल्याला पाठ आहे. मला खटकतं ते एवढंच, की आपण भाईंची गोष्ट शेवटच्या पानापासून वाचतो.

आधीची पानं बघा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानच्या नाभिक कुटुंबातला. शिकून वकील झाले. शहरात वकिली करून सुखात राहता आलं असतं, पण ते आपल्या भागात परतले. माथेरान नगरपालिकेत निवडून आले, उपनगराध्यक्ष झाले. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की शेतकऱ्याला सावकाराचं दार गाठावं लागायचं. त्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, शाळा सुरू केल्या. मग १९४२ चं आंदोलन आलं. वॉरंट निघालं, भाई भूमिगत झाले, आझाद दस्ता उभा राहिला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे कोसळू लागले.

आता विचार करा, पोलीस मागावर असताना गावातली माणसं अशा दस्त्याला साथ का देतात? मला वाटतं, त्याचं उत्तर धान्यकोठीत आहे. अडीनडीला उभा राहिलेला माणूस लोक विसरत नाहीत.

तुम्ही म्हणाल, तेव्हा इंग्रज होते, आता आपण काय करायचं? अहो, धान्यकोठी काढायला इंग्रज कशाला लागतात? रेशन, शाळा, पाणी, रस्ता हे प्रश्न आजही गावात आहेतच. १८ पूर्ण झाली की आपण ग्रामसभेत बसून प्रश्न विचारू शकतो, २१ झाली की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकतो. भाई गेले तेव्हा जेमतेम ३० वर्षांचे होते. मी २२ वर्षांची आहे आणि खरं सांगते, अजून एकाही ग्रामसभेला गेलेले नाही. दरवर्षी स्टेटस मात्र न चुकता ठेवते.

येत्या २ जानेवारीला सिद्धगडावर जरूर जा, स्टेटसही ठेवा. पण परतल्यावर ग्रामपंचायतीत जाऊन पुढची ग्रामसभा कधी आहे, तेवढं विचारून या. मीही विचारणार आहे.