साधनं आपल्या संगणकावरच हवीत

ऑगस्ट २०१७मध्ये पंचकुल्याच्या न्यायालयात डेरा सच्चा सौदा या पंथाच्या प्रमुखावरच्या खटल्याचा निकाल लागण्याआधी चंडीगडसह पंजाब-हरियाणात मोबाइल इंटरनेट ७२ तास बंद ठेवण्याचा आदेश निघाला. ज्या विद्यार्थ्याचा कम्पायलर दूरच्या सर्व्हरवर आणि जोडणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, त्याचा अभ्यास अशा वेळी ठप्पच होणार. म्हणूनच एडिटर, कम्पायलर, डीबगर आणि लायब्ऱ्या ही रोजची साधनं स्वतःच्या संगणकावर हवीत. प्रश्न केवळ इंटरनेटचा नाही. कॉलेजच्या सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमधून कम्पायलर चालवला, की एका बिल्डसाठी शेकडो छोट्या हेडर फायली एकेक करून नेटवर्कवरून मागवाव्या लागतात. अख्खी लॅब एकदम कामाला लागली, की सगळेच खोळंबतात.

यावर लॅब सांभाळणारे विचारतील, प्रत्येक संगणकावरच्या आवृत्त्या कोण बघत बसणार? आक्षेप रास्त आहे. पण आवृत्ती एक राहावी म्हणून साधन सर्व्हरवरूनच चालवायची गरज नाही. कॉलेजने अंतर्गत मिरर ठेवावा, आवृत्त्या लॉकफाइलमध्ये पक्क्या कराव्यात आणि प्रती संगणकांवर उतरवाव्यात. मार्च २०१६मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचं पॅकेज काढलं गेलं आणि जगभर बिल्ड अडले. ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती, त्यांचं काम चालू राहिलं. चिप-रचनेची महागडी साधनं मात्र अपवाद. सी-डॅकचं बेंगळुरूतलं चिपइन केंद्र ती देशभरच्या संस्थांना नेटवर्कवरून पुरवतं, ते योग्यच. त्यांचा परवाना एकेका कॉलेजला परवडणारा नाही. परवाना आवाक्याबाहेरचा असेल तरच नेटवर्क, बाकी सारं आपल्या संगणकावर, असं धोरण कॉलेजांनी ठेवावं.