बाळंतपणाची पिशवी : आधी कागद, मग कपडे



आठवा महिना लागला की आमच्या वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते. "बाळ हातात येईपर्यंत टोपडंसुद्धा आणायचं नाही, नजर लागते." सून बिचारी गप्प बसते. मग मध्यरात्री कळा सुरू झाल्या की सगळ्या घराची पळापळ.

मागच्या पावसाळ्यात आमच्या चाळीत असेच झाले. नवरा लूमवर रातपाळीला. तपासणीचे कार्ड लोखंडी पेटीत आणि पेटीची किल्ली त्याच्या खिशात. शेजाऱ्यांनी तसेच रिक्षात घालून नेले. दवाखान्यात रक्तगट विचारला, आधीचे रिपोर्ट मागितले, पण सोबतच्या सासूबाईंना काहीच सांगता येईना. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. पण त्या रात्रीची धास्ती सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत.

१९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या आपण पाठ म्हणतो. मग आधी टोपडे शिवले म्हणून बाळाचे वाईट होईल, ही भीती आपल्या घरात कशी राहते? तेव्हा आठव्या महिन्यातच पिशवी भरावी आणि दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवावी.

पहिल्यांदा कागद. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे व सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड, जातीचा दाखला आणि बाईच्या स्वतःच्या नावाचे बँक पासबुक. सगळ्यांच्या झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालाव्यात. सोबत एका चिठ्ठीवर नवऱ्याचा, कारखान्याचा आणि शेजारणीचा फोन नंबर लिहावा.

हे कागद म्हणजे आपला हक्क आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि लागलेच तर रक्तही मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस व सिझेरियनमध्ये सात दिवस जेवणही मिळते. न्यायला-आणायला गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हा नंबर आहे. आपल्या भिवंडीतील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात नाव आधीच नोंदवलेले असावे. अडचणीच्या बाळंतपणात पुढे ठाण्याला किंवा कळव्याला जावे लागले, तर हेच कागद तिथेही उपयोगी पडतात.

आता कपडे. बाईसाठी समोरून उघडणारे दोन गाऊन, आतले कपडे, सॅनिटरी पॅड, टॉवेल, साबण, कंगवा, चपला, चादर. बाळासाठी जुन्या सुती साडीची धुऊन उन्हात वाळवलेली बाळोती व दुपटी, झबली, टोपडी. ताट, पेला, थर्मास आणि थोडे सुटे पैसे. सोन्याचे दागिने घरीच ठेवावेत. मध, साखरपाणी, घुटी पिशवीत नकोच. पहिल्या तासातच बाळाला अंगावर पाजावे. पहिले पिवळसर चीकदूध काही जणी पिळून टाकतात. तसे करू नये, ते बाळाला रोगांपासून जपते.

आणखी एक चिठ्ठी. जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. त्या फॉर्मवर आईवडिलांची नावे आणि धर्म विचारतात. घाईत कुणीतरी अंदाजाने काहीही लिहून देते आणि पुढे दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. म्हणून नावांचे स्पेलिंग आणि धर्म 'बौद्ध' असे स्वच्छ अक्षरात आधीच लिहून ठेवावे. सवलती जातील म्हणून घाबरू नये. १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या आहेत.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणात बाईला विसावा मिळावा, हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. पुढच्याच वर्षी कायदा झाला. ज्या बाईसाठी ते उभे राहिले, तिची पिशवी भरायला घरातल्या पुरुषांनीही हात लावावा. निदान पेटीची किल्ली तरी कामावर नेऊ नये!

नमो बुद्धाय, जयभीम!