विश्लेषण: हळदीतील कर्क्युमिन पेशीतला ‘स्विच’ बंद करते, मग ते कर्करोगावरचे औषध का नाही?

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कर्करोगमुक्तीचे श्रेय कच्ची हळद, कडुनिंब आणि आहाराला दिले. व्हिडिओ व्हायरल होताच मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढले. अशा काही पदार्थांवर संशोधन सुरू असले, तरी कर्करोगावर ते सुचवण्याइतका पुरावा नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. सिद्धू यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. पुढे सिद्धू यांनीही हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेतल्याचे सांगितले.

हा दावा येतो कुठून?

पेशीत ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे प्रथिन असते. एरवी ते पेशीद्रवात अडकवून ठेवलेले असते. संसर्ग किंवा इजा झाली की ते सुटते, केंद्रकात शिरते आणि दाह वाढवणारी जनुके सुरू करते. अनेक कर्करोगांत हा स्विच सतत चालू राहतो आणि पेशी मरत नाहीत. कर्क्युमिन हा स्विच रोखते, असे १९९५ मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर दिसले.

मग अडते कुठे?

हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के असते. एका चाचणीत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिले गेले. हळदीच्या हिशेबात ही मात्रा पाव किलोहून अधिक भरते. तरीही रक्तात ते अत्यल्पच आढळले. ते आतड्यातून नीट शोषले जात नाही आणि लवकर विघटित होते. शिवाय ते अनेक प्रथिनांशी अभिक्रिया करते आणि स्वतः चमकते, त्यामुळे प्रयोगशाळेत फसवे निकाल मिळू शकतात. २०१७ च्या एका आढावा लेखानुसार, १२० हून अधिक चाचण्या होऊनही तोवर एकाही प्लासिबो-नियंत्रित दुहेरी-अंध चाचणीत त्याला यश आले नव्हते.

हा स्विच रोखणारी औषधे आहेत का?

आहेत. डेक्सामेथासोनचा दाहशामक परिणाम काही अंशी याच मार्गाने होतो. मात्र त्याची मात्रा, परिणाम आणि दुष्परिणाम रुग्णांवर तपासलेले आहेत.

रुग्णांनी काय करावे?

जेवणातली हळद चालू द्यावी. कर्क्युमिनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सर्वात मोठा धोका उपचार लांबवण्याचा आहे. वेळेत निदान झालेला कर्करोग बरा होण्याची शक्यता अधिक असते. घरगुती उपायांत गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.