छायाचित्रामागची नावे

लहान गावातील शाळासोबती उतारवयात एकत्र जमले, की पिवळी पडलेली छायाचित्रे बाहेर निघतात आणि मास्तरांच्या छडीच्या आठवणींना ऊत येतो. निव्वळ हळवेपणा म्हणून याची थट्टा करण्याचा प्रघात आहे. किल्लारी परिसरापुरती तरी ती अस्थानी होय.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असताना, भूकंपाने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि धाब्याची जड छते झोपलेल्यांवर कोसळली. हजारो माणसे गेली. पुढे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. रस्ते सरळ झाले. जुना शेजार मात्र आराखड्यात बसला नाही. घरोघरच्या तसबिरीही ढिगाऱ्याखाली गेल्या. त्यामुळे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेल्या एखाद्या सोबत्याच्या ट्रंकेत राहिलेले वर्गाचे छायाचित्र हेच एखाद्या कुटुंबास आपल्या माणसाचे उरलेले एकमेव दर्शन ठरू शकते. (मुलींची रांग त्यात बहुधा तोकडीच असावयाची, ही गोष्ट वेगळी.)

अशी छायाचित्रे आता मोबाइलवरून क्षणार्धात फिरतात. परंतु त्यांच्या मागे नावे लिहिलेली नसतात. तिसऱ्या रांगेतील डावीकडचा मुलगा कोण, हे सांगू शकणारे आज साठीच्या घरात आहेत. ग्रामपंचायतींनी व गावोगावच्या वाचनालयांनी या मंडळींना बोलावून रांगवार नावे उतरवून घ्यावीत. त्यासाठी निधीच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. एक वही आणि सुवाच्य अक्षराचा एक शिक्षक पुरे.