विमानतळ आपल्या दारात, तिकीट मात्र मेव्हण्याच्या कार्डावर!

आज जरा स्पष्टच लिहितो.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं. उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकाच व्यासपीठावर. कोण कोणाला काय बोललं, यावर जिल्ह्यात किती दिवस चर्चा रंगली ते तुम्हाला आठवत असेल. पण साधा प्रश्न कोणीच विचारला नाही : परदेशातला आपला माणूस या विमानाचं तिकीट काढणार कसं?

चाकरमानी म्हटलं की आपल्याला परळ, भांडुप, डोंबिवली आठवते. पण मस्कत, दुबई, दोहा, कुवेतला राबणारे आपले पोरगे चाकरमानीच ना? दुबई-मुंबई तिकीट ते मोबाईलवर पाच मिनिटांत काढतात. पुढच्या तासाभराच्या प्रवासासाठी मात्र गावात फोन करावा लागतो : "माजा तिकीट काढून दी रे!"

माझ्याकडेच दर गणपतीआधी असे चार-पाच मेसेज येतात. छोट्या कंपनीच्या वेबसाईटवर मी स्वतः बघितलंय. परदेशी कार्ड टाकलं की पेमेंट फेल. मोबाईल नंबरच्या रकान्यात दहाच आकडे बसतात. भारतातलं कार्ड वापरावं तर ओटीपी येणार कपाटात बंद असलेल्या सिमवर. यूपीआय म्हणाल, तर जानेवारी २०२३ मध्ये परदेशी नंबरवर यूपीआयला परवानगी मिळाली, पण एनआरई किंवा एनआरओ खातं हवं. आणि तेव्हाच्या दहा देशांच्या यादीत ओमान, कतार, सौदी, अमिराती होते. कुवेत आणि बहारीन नव्हते.

मग तिकीट निघतं मेव्हण्याच्या कार्डावर, नंबरही मेव्हण्याचाच. विमान रद्द झालं की मेसेज त्यालाच आणि रिफंडही त्याच्याच खात्यात. तो बिचारा शेतात, आणि प्रवासी मुंबई विमानतळावर बॅगा घेऊन उभा.

आता यातली खरी मेख ऐका. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर भरपाईची तरतूद डीजीसीएच्या नियमात आहे. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, जे कमी असेल ते. पण बुकिंग करताना पुरेसा संपर्क तपशील दिला नसेल, तर ही भरपाई मिळत नाही. म्हणजे परदेशातला नंबर तुम्ही घेणार नाही, आणि नंबर नाही म्हणून भरपाईही नाही. हा कुठला न्याय?

दोन वेगळ्या तिकिटांचा घोळ आणखी वेगळा. गल्फचं विमान तीन तास उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर दोन्ही कंपन्या हात वर करतात. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असता, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असती. सामानाचंही तेच. तिकडून ३० किलो आणलेलं, इथे देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलोच चालतं. वरच्या प्रत्येक किलोला पैसे मोजा!

कोणी म्हणेल, छोटी कंपनी आहे, सत्तरेक सीटचं विमान, तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायच्या? मान्य, धंदा तिचा आहे. पण उडान योजनेत तोटा भरून काढायला जो निधी मिळतो, त्यातले साधारण ८० टक्के केंद्राच्या बाजूने आणि २० टक्के राज्याच्या तिजोरीतून येतात. जनतेचा पैसा घेता, तर जनतेला तिकीट विकत घेता आलं पाहिजे. एवढी साधी अट करारात घालायला काय हरकत आहे?

चिपीची मुंबई सेवा तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद पडली. अशा वेळी ठरलेलं उत्तर मिळतं : प्रवासी नाहीत. अहो, प्रवासी आहेत. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू आहे. तिथे उतरून टॅक्सीने सावंतवाडी, कुडाळ गाठणारे कोण आहेत मग? दुकान उघडायचं, दाराला आतून कडी लावायची आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून रडायचं, असला हा प्रकार.

खासदार, आमदार, पालकमंत्री यांच्याकडे माझी मागणी चारच गोष्टींची. सरकारी निधी घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने परदेशी कार्ड स्वीकारावं. परदेशातला मोबाईल नंबर घ्यावा आणि बदल ईमेलवरही कळवावा. गणपती, मे महिना आणि दिवाळीचं वेळापत्रक निदान तीन महिने आधी खुलं करावं, कारण गल्फमधली रजा आठ दिवस आधी मिळत नाही. आणि मोठ्या कंपनीशी करार करून एकाच तिकिटावर घरापर्यंतचा प्रवास द्यावा.

यातल्या एकाही गोष्टीला नवी धावपट्टी लागत नाही. पुढच्या वेळी कोणी नव्या विमानसेवेचा नारळ फोडायला आला, की हार घालण्याआधी त्याला एवढंच विचारा : साहेब, याचं तिकीट कुवेतमधून निघतं का?